पहिल्या खाटेचा दिवा

कारखान्यात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे बिटबाई. घरी मात्र ती धाकटी होती. साठी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली तरी धाकटीच, कारण घरात तिच्याहून मोठं एकच माणूस होतं, तिची ताई. ताईच्या लेखी जगात माणसांचे प्रकारही दोनच होते: आपली धाकटी आणि बाकीचे सगळे.

कारखाना म्हणायचा तो आपला मानाने. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, चार टेबलं, सोल्डरिंगचा धूर बाहेर ढकलणारा एक पंखा आणि काचेच्या आड मालक. दवाखान्यांत, शुश्रूषागृहांत खाटेच्या उशाशी बोलावण्याचं बटण असतं ना, त्याचे फलक इथे बनत. पेशंटने बटण दाबलं की बाहेरच्या फलकावर त्या खाटेचा दिवा लागायचा आणि घंटा वाजू लागायची. ती थांबवायला सिस्टरला खाटेपर्यंत जाऊन उशाशी असलेलं दुसरं बटण दाबावं लागायचं. बसल्या जागेवरून कुणी घंटा गप्प करू नये म्हणून ही योजना, आणि ती धाकटीच्याच डोक्यातून निघालेली. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा.

फलकाच्या पोटातल्या चिपचा प्रोग्राम ती एकटी लिहायची, तोही असेम्ब्लीमध्ये. बाकीच्या भाषांत माणूस यंत्राला निरोप धाडतो, असेम्ब्लीत त्याच्या कानाशी लागून बोलतो. नवी मंडळी त्या वाटेला जात नसत. बिटबाई आहेत तोवर आपल्याला काय, असा सगळा कारभार होता.

तिचं काम कळायला फार अक्कल लागत नाही, तीच तसं म्हणायची. वॉर्डात सात खाटा. सातांची खबर एकाच आकड्यात: उजवीकडून मोजायची ओळीने आठ घरं, म्हणजे आठ बिट; घरात एक असेल तर त्या खाटेचा दिवा लागलेला, शून्य असेल तर विझलेला. आठवं घर मोकळंच. आता एका खाटेचा दिवा विझवायचा तर बाकीच्यांना धक्का लागता कामा नये. त्यासाठी चाळणी लागते. त्या एका खाटेच्या घरात शून्य आणि इतर सगळ्या घरांत एक. दिव्यांच्या आकड्याचा आणि चाळणीचा ‘अँड’ केला की दोन्हीकडे जिथे एक असेल तेवढंच उरतं. चाळणी करायची कृतीही सोपी. एक घ्यायचा, खाटेच्या घरापर्यंत डावीकडे सरकवायचा आणि मग सगळं उलटं करायचं, शून्याचे एक आणि एकाचं शून्य. धाकटी ते चार शब्दांत लिही: नॉट एक शिफ्ट पाच. नॉट म्हणजे उलटं कर, शिफ्ट म्हणजे सरकव; हे सहाव्या खाटेसाठी. पहिली खाट जागच्या जागी असते, तिला शिफ्ट शून्य.

ही आकडेमोड चिप करत नाही. असेंब्लर नावाचा प्रोग्राम ती आधीच करून ठेवतो आणि चिपवर जातं ते फक्त उत्तर. ते कसं आलं, हे चिपला कधीच कळत नाही. बिचारी सांगितलेलं ऐकते.

त्या चार शब्दांत ती कंस घालत नसे. आधी सरकव, मग उलटं कर, हे तिच्या असेंब्लरला बावीस वर्षं न सांगता कळत होतं. ज्यांना भरवसा नसतो ते कंस घालतात, असं ती नव्या लोकांना ऐकवायची. अशी वाक्यं माणसाने जपून बोलावीत, पण तेव्हा तिला कोण सांगणार?

संध्याकाळी ती तीन जिने चढून घरी यायची तेव्हा ताईने चहा टाकलेला असे. ताई पूर्वी पोस्टात पत्रं गावागावांच्या खणांत वाटून लावायच्या कामावर होती. आईवडील लवकर गेले तेव्हा ताईने त्याच पगारावर धाकटीला शिकवलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की ती खिडकी पुसायला घ्यायची. धाकटीचंही लग्न राहूनच गेलं. दोन खोल्या, दोन कॉट, एक टेबल. “आज काय उलटंपालटं केलंस?” ताई विचारायची. धाकटी सांगायची आणि ताई पोस्टातल्या खणांच्या हिशोबाने सगळं बरोबर समजून घ्यायची. तिच्याशिवाय धाकटीचं काम समजून घेणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. खरं तर तिच्याशिवाय धाकटीला दुसरं कुणीच नव्हतं.

मग ताई जिन्यात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. सहा आठवडे शुश्रूषागृहात राहायचं, चालायला लागली की घरी, असं डॉक्टर म्हणाले. धाकटीने तीन ठिकाणं पाहिली आणि जिथे तिचा फलक भिंतीवर होता ते निवडलं. बायकांच्या वॉर्डात दाराजवळची पहिली खाट मिळाली. तिने ताईच्या हातात बटण दिलं आणि म्हणाली की काही लागलं तर हे दाब, हे माझंच आहे, समज मीच उशाशी आहे. ताई हसली. ती सगळ्यांना दाखवू लागली की हे आमच्या धाकटीने केलंय.

दहाव्या दिवशी ताई म्हणाली की बटण दाबते, पण कोणी येत नाही. नेहमीच असं नाही, कधी कधी. धाकटीने तिथल्या तिथे बटण दाबलं. बाहेर दिवा लागला, घंटा वाजली, सिस्टर आली, तिने बटण दाबलं, दिवा विझला. हाताच्या काकणाला आरसा कशाला? चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली की आम्ही दोघी असतो, फलक बघतो, दिवा असेल तर जातोच, तुमच्या ताईंचा नसतो हो. धाकटीने पुन्हा बटण दाबून पाहिलं. पुन्हा सगळं ठाकठीक. आता तिला थोडा रागही आला. फलकावर संशय म्हणजे तिच्यावरच संशय, आणि तोही ताईने घ्यावा?

चौथ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, ताई एकटीच उठून बाथरूमकडे गेली आणि दारात पडली. दुसऱ्या बाजूचा खुबा.

धाकटी कारखान्यातून धावत आली ती घाबरलेली होती. घाबरलेलं माणूस दुसऱ्यावर ओरडतं, तशी ती ओरडली. वॉर्डातल्या बाकीच्या सहाही जणी ऐकत होत्या. ताई म्हणाली की मी चारदा बटण दाबलं गं, कुणी आलं नाही, मला धीर निघेना.

“तू दाबलंच नसशील,” धाकटी म्हणाली. “यंत्र माझं आहे. ते खोटं बोलत नाही. तुझ्या लक्षात राहत नाही आता, ताई, हे मान्य कर.”

ताईने उशाशी असलेलं बटण हाताने बाजूला सारलं.

“नसेन दाबलं,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर विसराळूपणा वाढल्याचं लिहिलं. तीन जिने आता जमायचे नाहीत, कायमची सोय इथेच करा, असं त्यांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं. दुसऱ्यांदा बसवलेलं हाड नीट जुळलं नाही आणि ताई खाटेची झाली. ती बटण दाबेनाशी झाली. सिस्टर यायची तेव्हा यायची, तोवर ती वाट पाहायची. धाकटी आली की हूं, हो, बरं, एवढंच. उलटंपालटं काय केलंस, हे तिने पुन्हा विचारलं नाही. मीच काही चुकीचं बोलेन, असं तिला वाटत असावं.

घरी धाकटी स्वतःचा चहा स्वतः करू लागली. पहिले काही दिवस सवयीने दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची. ताईच्या कॉटवर तिने कपड्यांच्या घड्या ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ती रिकामी दिसणार नाही. रविवारी दिवसभरात तिचा आवाजच फुटत नसे. एकदा दाराशी कुणीतरी पत्ता विचारायला आलं, तर बोलताना तिला घसा साफ करावा लागला.

असे पाच महिने गेले. मग एका दुपारी ती ताईजवळ बसली होती. ताईला बेडपॅन हवं होतं. ताईने सांगितलं नाही, पण धाकटीला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनेच बटण दाबलं, आणि कोणी येतंय का हे बघायला ती दाराबाहेर गेली. समोरच्या भिंतीवर फलक होता. पहिला दिवा लागला होता. तेवढ्यात सहावाही लागला. सहाव्या खाटेवरच्या बाई पूर्वी शाळेत शिपाई होत्या, त्यांचा आवाज घंटेच्या वरताण. त्या बटणही दाबायच्या आणि हाकही मारायच्या. सिस्टर लगबगीने आली आणि अर्थातच जिथून हाक आली तिथे गेली. तिने सहाव्या खाटेचं विझवायचं बटण दाबलं.

दोन्ही दिवे विझले. घंटा थांबली.

सिस्टर बाहेर आली, तिने फलकाकडे पाहिलं, तो पार काळा होता. ती निघून गेली. तिची काही चूक नव्हती. मघाशी तिने दोन दिवे पाहिले असतील, तर तिला वाटलं असणार की पहिलीकडे दुसरी सिस्टर जाऊन आली.

धाकटी तिथेच उभी राहिली. खुलासा शोधायला तिला कागद लागला नाही. मागच्या वर्षी जुनी चिप बनायची बंद झाली, नवी आली, तिच्याबरोबर नवा असेंब्लरही आला. धाकटीने जुना प्रोग्राम उचलला, जिथे चिन्हं वेगळी होती तिथे बदलली आणि नव्यात घातला. चार शब्द तेच. फक्त नवा असेंब्लर आधी उलटं करत होता आणि मग सरकवत होता. उलट्या केलेल्या एकात पहिल्या घरी शून्य, पुढे सगळे एक. तो पाच घरं सरकवला की उजवीकडून पाच शून्यं आत येतात. सहाव्या खाटेची चाळणी व्हायला हवी होती ११०१११११, ती झाली ११००००००. सहावीचा दिवा विझवला की तिच्या खालच्या पाचही जणींच्या हाका पुसल्या जात. आणि पहिल्या खाटेची हाक तर दुसरी, तिसरी, चौथी, कुणीही पुसत होतं.

आणि पहिल्या खाटेवर बसून कितीही वेळा तपासलं तरी चूक दिसणार नव्हती, कारण शिफ्ट शून्य. सरकवायचंच नसेल तर आधी काय आणि नंतर काय!

ती तशीच कारखान्यात गेली आणि असेंब्लरने छापलेली यादी काढली. डाव्या रकान्यात प्रत्येक ओळीचं उत्तर लिहिलेलं असतं. सगळी चुकीची उत्तरं तिथे वर्षभर शहाण्यासारखी बसलेली होती. तिने ती यादी कधी वाचलीच नव्हती. वॉर्डात आठवी खाट असती तर आकडा घरात मावला नसता आणि असेंब्लरनेच बोंब मारली असती. सातच होत्या, म्हणून तोही गप्प राहिला.

पण तपासणी? तपासणी झाली होती. पूर्वी कारखान्यात एक म्हातारे तपासनीस होते. धाकटी फलकाशी उभी राहायची आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला बटणांशी. मोठे खोडकर. मध्येच दोन्ही तळहातांनी सातही बटणं एकदम दाबायचे आणि म्हणायचे, घ्या, वॉर्डात आग लागली. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. नवा फलक धाकटीने एकटीने तपासला. एका हाताने बोलावणं, दुसऱ्या हाताने विझवणं. एक खाट झाली की दुसरी, मग तिसरी. दोघी एकाच वेळी हाक मारतील हे तिच्या मनातच आलं नाही. एकटीने ते तपासणं जिकिरीचंही होतं, आणि मदतीला ये म्हणून शेजारच्या टेबलावर सांगायची तिला सवय नव्हती.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची होती. सात ओळींत सात कंस. ते घालताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की दोनदा चुकीच्या जागी पडले.

ती मालकाच्या काचेआड गेली आणि तिने सगळं सांगितलं. असे नऊ फलक नऊ ठिकाणी लागले होते. मालक माणूस वाईट नव्हता, पण धंदेवाईक होता. नेहमीच्या देखभालीच्या नावाखाली चिपा बदलून टाकू, झाकली मूठ राहू द्या, असं त्याचं म्हणणं. धाकटी म्हणाली की नऊही ठिकाणी लेखी कळवायचं, आजच, आणि चूक माझी आहे असं लिहायचं. तिथल्या कुणाकुणाला विसराळू ठरवलं असेल, ते कुणाला माहीत? मालक शेवटी म्हणाला की पत्र जाईल, पण तुमच्या सहीने. तिने सही केली. नऊ सह्या तिने पटापट करून टाकल्या. तिला भीती वाटत होती ती दहाव्या ठिकाणाची, ताईच्या खाटेची, आणि तिथे कागद चालणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन शुश्रूषागृहातली चिप बदलली. एका सिस्टरला सहाव्या खाटेशी उभं केलं, स्वतः पहिलीशी थांबली आणि दोघींनी एकदम बटणं दाबली. सहावा दिवा विझवला, पहिला लागलेला राहिला. ताई हे सगळं पडल्या पडल्या बघत होती.

धाकटी स्टूल ओढून बसली आणि तिने सांगायला सुरुवात केली. चिप, चाळणी, आधी उलटं आणि मग सरकवणं. तिचं अर्धं बोलणं पायाखालच्या फरशीलाच चाललं होतं. ताईने पोस्टाच्या खणांसारखंच सगळं ऐकून घेतलं आणि कुठेही अडली नाही.

“म्हणजे मी दाबत होते?” तिने विचारलं.

“हो, ताई.”

“त्या दिवशीसुद्धा? चारही वेळा?”

“चारही वेळा.”

ताईचा चेहरा एकदम सैल पडला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती चक्क हसली. धाकटीला वाटलं होतं ती रागावेल, तोंड फिरवेल. हसेल असं वाटलं नव्हतं.

“मला वाटलं माझं डोकं गेलं,” ताई म्हणाली. “पाच महिने मी मनातल्या मनात पोस्टाचे सगळे खण म्हणून बघत होते. रोज. कुठला विसरला का म्हणून. एकही विसरला नव्हता, तरी वाटायचं, धाकटी म्हणते म्हणजे गेलंच असणार.”

धाकटीला रडू आवरेना. तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता, माझ्यामुळे तू घरी आली नाहीस, माझ्यामुळे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ताईने तिला थोडं रडू दिलं. मग चादरीच्या टोकाने तिने स्वतःचे डोळे पुसले, आणि तिचा आवाज पूर्वीच्या ताईचा झाला. शाळा बुडवलेल्या धाकटीला हात धरून दारात उभं करायची तेव्हाचा.

“हळू बोलू नकोस. ते बोललीस तेव्हा सगळ्यांसमोर बोललीस ना? मग हेही सगळ्यांसमोर सांग. उभी राहा.”

धाकटी आयुष्यात चार माणसांसमोर उभी राहून कधी बोलली नव्हती. कारखान्यातल्या निरोपसमारंभांतसुद्धा ती मागे पंख्याजवळ उभी राहायची. ती उठली. वॉर्डाच्या मध्यावर, दोन्ही ओळींतल्या खाटांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कुणी टीव्ही बघत होतं, कुणी डोळे मिटून होतं. तिने घसा साफ केला. ती म्हणाली की भिंतीवरच्या फलकात चूक होती, ती मी केली होती. माझी ताई बटण दाबायची. ती खरं सांगत होती, मी तिला खोटं पाडलं, आणि म्हणून ती पडली. तुमच्यापैकी कुणाच्या हाकेला कुणी आलं नसेल, तर त्यातही तुमची चूक नव्हती.

टीव्ही चालू होता. सहाव्या खाटेवरच्या बाईंनी एकदा ताईकडे आणि एकदा धाकटीकडे पाहिलं, आणि त्यांचा तो मोठा आवाज पहिल्यांदाच फुटला नाही. तिसऱ्या खाटेवरच्या आजींना कमी ऐकू यायचं. त्या कोपरावर उठून विचारू लागल्या, काय म्हणाली ती, काय झालं?

धाकटीने पुन्हा तोंड उघडलं, पण तिला शब्द सापडेना. तेव्हा दाराजवळून ताईच बोलली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी.

“ती म्हणते, मी खरं बोलत होते.”

आजींनी मान डोलावली आणि त्या पुन्हा आडव्या झाल्या. ताईने उशी नीट केली आणि डोळे मिटून घेतले. धाकटी तिथेच मध्ये उभी होती. ये, बस, असं तिला कुणी म्हटलं नाही.